टँकरवरून दिसणाऱ्या बागा

११ एप्रिल
भालकीच्या शिक्षक कॉलनीत तीन खेपा. टँकर मामाचा, चालवायला मी. केबिनमधून सगळ्यांच्या कंपाउंडच्या आतलं दिसतं, तेवढाच फायदा. वकिलांची बोगनवेल राणी रंगाची, पार गच्चीवर गेलीय. समोरच्या अक्कांकडं गलांडा, पिवळा न् तांबडा, नुसता पेटलाय. अक्का वरडल्या, "अरे, पाणी हौदात पडायलंय का रस्त्यावर? फुलं बघायलास व्हय?"
व्हय म्हणलं.
"बघ बाबा. बघून काय झिजत न्हाईत."
कोपऱ्यावरचं घर दीपाचं. तिकडं बघायचं न्हाई असं ठरवलं होतं. बघितलं.

१३ एप्रिल
दीपाच्या झिनिया वाळायल्यात. बी टाकून तिनंच केलेल्या. कॉलेजात सांगायची, आज केशरी फुलली, आज जांभळी.
बोअर आटलंय त्यांचं. सगळी कॉलनी आमचं पाणी घेते, तिचे अप्पा तेवढे घेत न्हाईत. कामून घेतील? डिसेंबरात कँटीनमध्ये एकजण तिच्याबद्दल घाण बोलला, मी त्याचं नाक फोडलं. कॉलेज सुटलं ते माझं. बोभाटा झाला तो तिच्या नावाचा. तवापासून माझ्याशी बोलली न्हाई. एक शब्दबी न्हाई.

१७ एप्रिल
अक्का सहज बोलून गेल्या, "दीपी सोमवारी कलबुर्गीला चालली. मावशीकडं. पुढचं वर्ष तिथंच करणार. इथं लोकांची तोंडं कोण धरणार?"
मला बघून म्हणल्या का सहजच, कळलं न्हाई. पाइप गुंडाळला न् निघालो. मोगऱ्याचा वास केबिनपर्यंत यायलाता. काच वर केली.

१८ एप्रिल
मूर्ख. मूर्ख.
सकाळी साडेसहाला टँकर दीपाच्या घराकडं वळवला. त्यांची टाकी जमिनीत, झाकण कंपाउंडच्या बाहेर. वाटलं, कुणी बाहेर यायच्या आत भरून टाकू. झिनिया वाचतील. तिला बरोबर कळेल कुणी भरली ते. झाकण सारलं, पाइप सोडला. आत बघितलंच न्हाई.
टाकी रिकामी म्हणून त्यांनी कालच आतून गिलावा करून घेतलाता. ओलं सिमेंट सगळं धुऊन खाली.
अप्पा बनियनवरच बाहेर आले. आवाज चढवला न्हाई. "तुझा हात थांबतच न्हाई का रे?"
मागं दीपा. ओल्या केसांना टॉवेल. बोलली. चार महिन्यांनी.
"विचारलास का तू? तवाबी न्हाई, आताबी न्हाई. नाव माझं, घर माझं, न् मलाच विचारायचं न्हाई?"
म्हणलं, "झिनिया वाळायल्यात म्हणून..."
"वाळू दे. माझ्या हायत."
एक शब्द हवा होता. एवढे मिळाले.

२० एप्रिल
गेली. मी वकिलांकडं पाणी सोडायलतो, बोगनवेलीच्या आडून रिक्षा दिसली. मांडीवर बॅग. पळत जाऊन माफी मागावी वाटलं. न्हाई गेलो. तिचं ऐकलं म्हणून का भ्यालो म्हणून...

२३ एप्रिल
ऊन वाढलं तसा कॉलनीत रंग वाढायलाय. शंकासूर, कण्हेर, ते दहाला उघडणारं ऑफिस टाइम. डोळ्याला टोचायलंय सगळं. मामा म्हणला, "तोंड कामून पाडलास?" त्याच्यावर उगंच खेकसलो.

२६ एप्रिल
टँकर मामाकडं ठेवून पायी गेलो. दीपाच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. अप्पा भांडी विसळलेलं पाणी झिनियांना घालायलते. दोनच जगल्यात.
म्हणलं, "सर, टाकीचा गिलावा मी करून देतो. करू का?"
त्यांनी बादली खाली ठेवली. मला वाटलं, आता हाकलतेत.
"तिला विचारतो," म्हणले. "संध्याकाळी फोन येतो तिचा."