ओठाचा कोपरा

दि. ४ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझे शब्द घसरतात म्हणून तू पत्रं लिहायला लावलीस, ते बरंच झालं. फोनवर मी ओरडले असते.

शिल्पकलेच्या पहिल्याच वर्गात मातीचं डोकं करायचं होतं. मी तुझं केलं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. अर्धांगाच्या झटक्यात तोंड वाकडं झालं तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, तू कुणाला फोटो काढू देत नाहीस. ओळखपत्रासाठी तू स्वतःच फोनवर काढलेला एक फोटो माझ्याकडे होता. कारखान्यात यंत्राचे भाग मोजते तशीच कॅलिपर लावून मापं घेतली. ओघळलेला गाल, उतरलेला ओठाचा कोपरा, सगळं तंतोतंत.

काल हात धुऊन परत येते तर सरांनी अंगठ्याने तो कोपरा वर उचलला होता. म्हणाले, आता बाई प्रसन्न दिसतात. वर्गाने माना डोलावल्या. मी जाब विचारला, तर नवशिक्यांच्या मातीला सरांचा हात लागायचाच म्हणे. प्रदर्शनात ते असंच ठेवणार आहेत. मी ठेवू देणार नाही.

आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो सोबत आहेत. तब्येत कळव.

तुझी,
मोजपट्टी

दि. ९ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

आधी त्या सरांवर भडकले. माझं तोंड मी त्यांच्याकडे दुरुस्तीला टाकलं होतं का? नंतरचा फोटो बघून मावशी म्हणाली, छान दिसतेस की. तिच्याशी अबोला धरलाय.

मग आधीचा फोटो नीट पाहिला आणि तुझ्यावर भडकले. माझा डावा कोपरा उतरलाय गं. तू उजवा उतरवलास. म्हणजे सरांनी ओढून सरळ केला तो मुळात सरळच होता! फोनवर स्वतःचा फोटो काढला की तो आरशासारखा उलटा येतो, हे यंत्रवालीला मी सांगायचं?

दर सुट्टीला येतेस, समोर बसून जेवतेस, पण नजर ताटात. तीन वर्षांत एकदा तरी माझ्या तोंडाकडे पाहिलंस का? सरांनी मला सरळ केलं, तू उलटं केलंस. रागवायचा पहिला हक्क माझा आहे.

माया आहेच. आज जरा चटका बसेल इतकंच.

तुझी,
आई

दि. १३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सरांसमोरच डोकं मोडलं. त्यांना सांगितलं की माझी बाजूच चुकली होती, आणि तरीही यापुढे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

माती ओल्या फडक्यात गुंडाळली आहे. शनिवारी घेऊन येते. खिडकीपाशी खुर्ची ठेवून बसशील का? नाही म्हणालीस तरी चालेल. या वेळी विचारते आहे. कॅलिपर आणत नाही.

मावशीशी बोल. तिला ओरडायचं ते मी शनिवारी ओरडेन.

समोर बसायला मला जमेलच असं नाही. मान खाली गेली तर रागव.

तुझी,
मोजपट्टी