गळलेल्या ‘ह’ची हकिकत

ओवे, ता. पनवेल
गुरुवार, ९ जानेवारी २०१४

तीर्थस्वरूप चंद्रावतीताई हिस,

धाकटा भाऊ भगवान याचा पाया पडून नमस्कार. इकडे आम्ही सगळे चालतेफिरते आहोत. तुझे गुडघे आणि तुझा उजवा कान यांची खुशाली कळव. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही (होता तो आवाज बत्तीस वर्षं वर्गात उधळून झाला), म्हणून हे पत्र. तू उरणहून धाडलेले सुके बोंबील पोचले आणि दोन दिवसांत संपलेही. तिळगूळ मात्र पत्रातून पाठवत नाही, पोस्टातल्या मुंग्यांची आधीच चांगली सोय आहे. पत्र तुझी सून कुमुद तुझ्या कानाशी बसून वाचेल. कुमुद, बाळ, शुद्ध वाच, माझ्या पत्रात तुझे उच्चार नकोत. (हा कंस सासूबाईंना वाचून दाखवू नकोस.)

आता रियाचं सांगतो. पंचवीस टक्के राखीव जागांच्या सोडतीत माझ्या निकेशच्या पोरीला खारघरच्या मोठ्या शाळेत पहिलीची जागा लागली, हे तुला माहीत आहेच, तू गावभर पेढे वाटले होतेस. शाळा म्हणजे काय थाट. फाटकावर शिट्टीवाला, आत लिफ्ट, आणि फळ्याला खडू लागतच नाही. आपला बाबा जिथे भात लावायचा त्याच्या जरा पलीकडे ती इमारत आहे, पण तिथे उभं राहून हे कुणाला सांगायला गेलो तर शिट्टीवाला बाजूला व्हायला सांगतो. रिया तुला ठाऊक आहे. अंघोळीच्या बादलीशी बोलणारी, सिलिंडरवाल्याला जेवलास का विचारणारी पोर. पहिल्याच महिन्यात मराठीच्या तासाला बाईंनी तिला तू कुठे राहतेस ते सांग म्हटलं. तिने उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, “आमी ओव्यान रातो.” वर्ग हसला. रियाला वाटलं काहीतरी मजेचं झालं, म्हणून तीही हसली आणि पुन्हा एकदा सांगितलं.

त्या शाळेत एक समावेशन कक्ष आहे. (ताई, समावेशन म्हणजे कुणाला वगळायचं नाही, सगळ्यांना सामावून घ्यायचं. शब्द चांगला आहे, मी शब्दकोशात पाहून ठेवला.) त्या कक्षाला एक मॅडम आहेत. बाई वाईट असती तर मला हे पत्र लिहायला किती सोपं गेलं असतं. पण ती चांगली आहे, पोरांच्या नाकातला शेंबूड स्वतःच्या रुमालाने पुसते. फक्त तिचा कक्ष नवा, फेब्रुवारीत शाळेची तपासणी, आणि सामावून घ्यायला कुणी सापडेना. अशात तिला रिया सापडली. वाचादोष, म्हणजे बोलण्यात दोष, ‘ह’ गळतो. चिठ्ठी घरी आली. निकेश डंपर घेऊन बाहेर, सूनबाई रंजिता म्हणाली तुमीच जा आबा, तुमाला इंग्रजी येतं. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि गेलो. चार पानी इंग्रजी फॉर्म होता. मला तो वाचता येत नव्हता असं नाही, पण हळू वाचता येत होता, आणि मॅडमसमोर बोट ठेवून वाचायचं म्हणजे गुरुजीपणाला बट्टा. तेव्हा मान डोलावत पानं उलटली आणि मॅडमनी खूण केली होती तिथे तिथे झोकदार सही ठोकली.

मग पनवेलला तपासणी. एसटी स्टँडामागच्या एका खोलीत वाचा तपासणाऱ्या बाईंनी रियाच्या तोंडासमोर दोऱ्याने कागदाची पट्टी टांगली. ‘ह’ म्हटला की पट्टी उडायला हवी. बाई म्हणाल्या आम्ही, रिया म्हणाली आमी, पट्टी जागची हलली नाही. बाई म्हणाल्या तुम्ही, रिया म्हणाली तुमी, पट्टी ढिम्म. मग त्या म्हणाल्या आहे, आणि रिया म्हणाली हाय, तशी पट्टी अशी उडाली की बाईंच्या चष्म्याला लागली. रिया खो खो हसली, त्यातही ‘ह’ होता, तो कुणी लिहून घेतला नाही. अहवालात लिहिलं की मुलीचा ‘ह’ काही ठिकाणी गळतो व काही ठिकाणी भलत्या जागी प्रकट होतो, सबब दोष दुहेरी. मला माहीत होतं ताई, तो ‘ह’ भलत्या जागी नाही. ओव्यापासून उरणपर्यंत गावोगाव तो तिथेच असतो, आपली आई गेली तेव्हाही तिथेच होता. पण मी अहवालातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवून दिली आणि बाईंनी आभार मानले.

उपचार असा, की घरी पट्टी टांगून रोज शंभर वेळा ‘ह’ उडवायचा, आजोबांच्या देखरेखीखाली. मी चौकटीला पट्टी बांधली, फूटपट्टी घेतली (मारायला नाही, मोजायला, असं मी रंजिताला सांगितलं) आणि रोज संध्याकाळी दुकान मांडलं. शेजारचे येऊन बघून गेले. कुणी म्हणालं पोरीला भूतबाधा झाली का, कुणी आपला ‘ह’ तपासून घेतला, पैकी अर्ध्या गावाला वाचादोष निघाला. मी पण असा उत्साहात, की जेवताना पानी म्हणाली तर पाणी म्हणेपर्यंत तांब्या पुढे करायचा नाही. एके दिवशी तिने तीनदा पानी म्हटलं, मग उठली आणि स्वतः जाऊन प्यायली. त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. आधी शाळेत बंद झाली, मग घरात, मग बादलीशी. आज सोळा दिवस झाले. कालच शाळेचा अहवाल आला: प्रगती समाधानकारक, चुका शून्य.

ते वाचून निकेश हसला आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. मी पहिल्यांदाच तो कक्ष आतून बघून आलो. तळमजल्यावर जनरेटरशेजारची खोली. वीस तारखेपासून रिया कायम तिथेच बसणार, तिच्या वर्गात नाही. सहा पोरं आहेत. आपल्या गावातली तीन, डोंगरावरच्या वाडीतली एक कातकरी मुलगी, तळोज्याचा एक मुसलमान मुलगा, जो पाण्याला पानी म्हणतो (त्याच्या आणि रियाच्या आजाराला एकच नाव), आणि सहाव्याला खरंच ऐकू कमी येतं, त्याच्यासाठी खोलीत काहीच नाही, जनरेटर तेवढा त्याला ऐकू येतो. सहाही सोडतीतली. बाहेर रंगीत पाटी आहे, तिच्यावर हात धरून नाचणारी पोरं आहेत. मी पाटी दोनदा वाचली. तिच्यात चूक सापडली नाही.

ताई, मला तेव्हा आपली मिठागराजवळची शाळा आठवली. मी पहिलीत, तू तिसरीत, आणि एकाच खोलीत दोन्ही वर्ग. मास्तरांनी तुला विचारलं उशीर का, तू म्हणालीस आमी मीठ भरत होतो, आणि मास्तरांनी तुझी नक्कल केली. पोरं हसली. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, कारण तुझ्या शेजारी बसणारा मीच होतो आणि लोकांनी मला तुझ्यातला समजू नये अशी मला भीती होती. तू पाटी घरी नेऊन फडताळावर ठेवलीस आणि दुसऱ्या दिवसापासून टोपली उचललीस. मी शिकलो, मास्तर झालो, आणि बत्तीस वर्षं फूटपट्टी घेऊन आपल्याच पोरांच्या तोंडात ‘ह’ कोंबला. माझ्या हाताखालून किती पाट्या फडताळावर गेल्या ते मी कधी विचारलं नाही. मला याची लाज वाटते. ती तुझ्यापाशी बोलायला मी बासष्ट वर्षं घेतली.

असो. घरात सर्वांना नमस्कार व आशीर्वाद, ज्याला जे लागू असेल ते. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
भगवान

ता. क. — मुख्य गोष्ट राहिली. शनिवारी अठरा तारखेला अकरा वाजता शाळेत सभा आहे, रियाला त्या खोलीत बसवायचं तिथेच पक्कं होणार. मी मॅडमना सांगायला गेलो की हा दोष नाही, ही आमची बोली आहे. त्या मनापासून म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही तर इतकं शुद्ध बोलता. मग हिच्यात हे आलं कुठून?” माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझ्या तोंडात बसत नाही. तेव्हा तू ये. काही भाषण नको, खुर्चीत बस आणि त्यांच्याकडे पाणी माग. तुझ्या पद्धतीने माग.

ता. क. २ — फॉर्मवर मी न वाचता सही केली असं वर लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. चौदावा प्रश्न मॅडमनी मला मराठीत विचारला होता. कुटुंबात आणखी कुणी असं बोलतं का? मी म्हणालो, नाही. ‘ह’ इतका स्वच्छ उमटला की पट्टी असती तर उडाली असती. त्या प्रश्नापुढे मी तुला खोडलं, आईला खोडलं, निकेश-रंजितालाही खोडलं. तुला यायचं नसेल तर मला समजेल.

ता. क. ३ — रिया शेजारी बसली आहे. आत्या-आजी येणार असं तिला सांगितलं. बोलली नाही, पण पत्र संपेपर्यंत हललीही नाही. मी पनवेल स्टँडवर साडेनवापासून उभा राहीन.

ता. क. ४ — कुमुद, पुढची ओळ जशी लिहिली आहे तशीच वाच. दुरुस्त करू नकोस, ती चूक नाही. ताय, तू ये. आमी वाट बगतो.