कब्रस्तानाची वाट

मी, रईसाबी मुबारक मणियार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा बांगड्या भरण्याचा, राहणार शहागंज, छत्रपती संभाजीनगर, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्या निकाहनाम्यावर शहराचे नाव औरंगाबाद आहे आणि लाईटबिलावर छत्रपती संभाजीनगर. पुढे कुणी खोड काढू नये म्हणून सांगते, शहर एकच आणि बाईही एकच. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कुणाचा धाक नाही, कुणाची भीड नाही. सोयगावच्या मराठी शाळेत मी सातवीपर्यंत शिकले, म्हणून हे मराठीत आणि माझ्याच हाताने लिहिले आहे. वकीलसाहेबांनी फक्त कलमे पाडून दिली.

१. शहागंजातील दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. आमच्या धर्मात माणसाला मर्जीने फक्त एक तृतीयांश देता येते. बाकीचे वाटे अल्लाने आधीच ठरवून ठेवले आहेत. त्याप्रमाणे मुलगा झीशान याला दोन आणि मुलगी लुबना हिला एक. झीशान, तू पुण्यात असतोस. लुबना इथे राहते आहे तोवर घर विकायची घाई करू नकोस. हा हुकूम नाही, आईचे सांगणे आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लुबनाने करावी.

२. दुकानाची जागा माझ्या तृतीयांशात बसते. ती मी पुतणी रुक्सार हिला देते. अट एकच. समोर हात आला की बांगडी भरायची, नाव विचारायचे नाही. हात कडक असेल तर साबण लावावा, ओढाओढ करू नये.

३. माझ्या दफनाबाबत. माझे पती मुबारक यांची कबर सोयगाव तालुक्यातील आमच्या मूळ गावी आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलांना ते माहीत आहे, आणि गावाला बट्टा लागावा अशी माझी इच्छा नाही. मला त्यांच्या शेजारी पुरावे, असे मी या कलमात आधी लिहिले होते. ते मी खोडले आहे. का खोडले, ते मुलांना कळावे.

गावच्या कब्रस्तानाला एकच वाट आहे आणि ती आप्पासाहेब दांडगे यांच्या शेतातून जाते. त्यांचे वाडवडील तेवढी पट्टी सोडून पेरत आले आणि आप्पासाहेबही तसेच पेरत. मुबारक गेले तेव्हा वाटेवर गुडघाभर चिखल होता. आप्पासाहेबांनी घरच्या कडब्याच्या पेंढ्या आणून चिखलावर टाकल्या आणि जनाज्याला खांदा दिला. आमच्या बाया तिथे जात नाहीत, म्हणून हे सगळे मला झीशानने घरी येऊन सांगितले. कुणीतरी म्हणाले, "आप्पासाहेब, तुम्ही कशाला?" ते म्हणाले, "माझ्या शेतातून चाललाय. मीच न्यायला नको?"

त्यांची बायको आशाबाई. मी तिला आक्का म्हणते. दर सणाला मी टोपली घेऊन गावी जायची आणि तिच्या ओट्यावर बसायची. सगळ्या गल्लीतल्या बाया तिथे हात पुढे करायच्या. तिचा नातू शिवराज जन्मला तेव्हा त्याच्या इवल्या हातात काळ्या मनगट्या मीच घातल्या. आप्पासाहेब वारले त्या दिवशी मी दारात उभी होते. बायांनी आक्काचे हात धरले आणि बांगड्या फोडल्या. मी भरलेल्या होत्या. आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या दिवशी तो शब्द तोंडात येईना.

नंतर शिवराज राजकारणात पडला. त्याला पंचायत समितीला उभे राहायचे होते. बाहेरून माणसे आली, देवळासमोर सभा झाली, आणि आमच्या लोकांकडून काही घ्यायचे नाही म्हणून गावाला हात वर करायला लावले. इकडे आमच्यातही शहाणे निघाले. "उनके सणां को चुडियां भरने कायकू जाते?" असे एकजण माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून विचारून गेला. मी सांगितले, पोटासाठी जाते आणि आक्काला भेटायला जाते. दोन्हीकडच्यांना हे उत्तर आवडले नाही.

त्याच वर्षी शिवराजच्या बहिणीचे, प्रेरणाचे लग्न ठरले. तिने फोन केला, "मावशी, चुडा तुम्हीच भरायचा." मी हिरवा चुडा निवडून एसटीने गेले. दारात शिवराज उभा होता.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका. माझं काय नाय. पण गावाचं ठरलंय, अन्‌ निवडणूक तोंडावर हाय."

"आक्काला विचार," मी म्हटले.

"तिला काय इचारायचं?"

त्याच्या मागे खिडकीत आक्का होती. ती मला दिसली, मी तिला दिसले. मग ती आत गेली.

परतीच्या एसटीत टोपली मांडीवर होती. खड्डा आला की बांगड्या वाजायच्या. शेजारच्या बाईने विचारले, "लग्नाच्या का?" मी व्हय म्हटले.

निवडून आल्यावर शिवराजने वाटेला तारेचे कुंपण घातले. कागदावर वाट नाही, असे तो म्हणतो. खरेही असेल. आप्पासाहेबांना कागद लागला नव्हता. गावातली आमची चार-पाच घरे आता मयत टेम्पोत घालून सोयगावला नेतात. मुबारकच्या कबरीवर फातिहा पढायला गेलेला झीशान तारेपासून परत आला. त्याने मला ते पुष्कळ दिवस सांगितले नव्हते.

मागच्या महिन्यात आक्का प्रेरणाचा हात धरून दुकानात आली. पार वाकली आहे.

"लई वर्सं झाली गं, रईसा."

"बस आक्का."

मी तिला हे कलम, तेव्हा होते तसे, वाचून दाखवले. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "शेत त्याच्या नावावर करून बसले मी. अंगठा दिला तवा वाटेचं ध्यानातच आलं नाय. त्याला लई सांगितलं, रईसासाठी एक दिस तार काढ. तर म्हणतो, एक दिस काढली की कायमची निघंल. तुझी मयत तारेपाशी अडवली तर मला बघवायचं नाय."

"त्या दिवशी खिडकीतून बघवलं?"

हे मी बोलले. बोलायला नको होते असे मला वाटत नाही. ती बराच वेळ रडली. मी पाणी दिले, ती प्याली. प्रेरणा दुकानाबाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली.

सबब, मला इथेच शहरातल्या कब्रस्तानात पुरावे. जनाजा गावी नेऊ नये. कुणी पुढारी, आपला असो की त्यांचा, माझी मयत तारेपाशी नेऊन घोषणा देऊ म्हणाला, तर झीशानने त्याला दारातूनच परत पाठवावे. जन्मभर काच हाताळली, मरून कुणाच्या हाताला लागायचे नाही. मुबारकच्या शेजारची जागाही माझ्या नावाने अडवू नये. वाट कधी उघडली, तर ज्याला गरज पडेल त्याला द्यावी.

४. शिवराज दांडगे याला माफ करून जावे, असे लुबना म्हणते. आज मला ते जमत नाही. जमले तर तोंडी सांगेन. न सांगता गेले, तर जमले नाही असे समजावे.

५. माझ्या हातातल्या चांदीच्या पाटल्या आशाबाईला द्याव्यात, असे मी लिहिले होते. आप्पासाहेब गेल्यापासून तिचे हात मोकळे आहेत. काच तिला चालत नाही, चांदी चालली असती. आज सह्या करायला तिला मुद्दाम बोलावले. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नका, उद्या वाद निघतो. दुसरा साक्षीदार शोधा.

आक्का समोरच बसली होती. म्हणाली, "पाटल्या नको मला. मी साक्ष देते."

मी म्हटले, "आक्का, तुझं नाव कागदावर राहील. शिवराज वाचेल."

"वाचू दे. त्या दिवशी मी दारात आले नाय. इथं तरी आशाबाई हजर होती म्हणून लिहा."

म्हणून हे कलम रद्द केले. पाटल्यांचे काय करायचे ते लुबनाने पाहावे.

वरील सर्व मजकूर माझा आहे. खाडाखोड आहे, तीही माझीच आहे.

ठिकाण : शहागंज, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : रईसाबी मुबारक मणियार (सही)

साक्षीदार :

१. बन्सी रामकिसन खरात, शिलाईकाम, शेजारचे दुकान (सही)

२. आशाबाई आप्पासाहेब दांडगे, डाव्या हाताचा अंगठा. मजकूर नात प्रेरणा हिने वाचून दाखवला. आशाबाई हजर होती.