नाणं घासायचं नाही

मी, खाली सही करणारी, मधमाश्यांपासून नाण्यांपर्यंत हर तऱ्हेच्या माहितीच्या पुस्तकांचं दुकान चालवणारी बाई, पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं लिहून दिलं आहे. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. तसा माणूस अजून जन्मायचा आहे. थोरल्या मुलाने गोड बोलून लिहवून घेतलेलं आधीचं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

कलम एक. दुकान धाकट्या लेकीचं. जागा, फळ्या, शिडी, गल्ला, सगळं. थोरल्याला तिथे मोबाइल विकायचे आहेत. "आई, गाठी कशा मारायच्या याची पुस्तकं कोण घेतं गं?" म्हणे. होडीवाले घेतात, शिकाऊ डॉक्टर घेतात, आणि लेक ती विकते. "लग्न झालेल्या मुलीला कशाला दुकान?" असं माझे दीर चारचौघांत म्हणाले. भावोजी, दुकान माझं आहे. तुमचा काडीचा संबंध नाही. शिवाय मधमाश्यांचं पुस्तक वाचायला नेलंत ते परत येईपर्यंत तुम्हाला दुकानाची पायरी चढता येणार नाही.

कलम दोन. आमच्या ह्यांनी जमवलेली नाणी थोरल्याला. का, ते नोंदवून ठेवते. हे गेल्यावर थोरल्याने नाण्यांना गिऱ्हाईक ठरवलं आणि ते यायच्या आत सगळी नाणी लिंबू-मीठ लावून घासली. लखलखीत! गिऱ्हाइकाने भिंगातून एक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, कातडीच सोललीत की!" म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता उठला. जुन्या नाण्यावर काळाने चढवलेला थर असतो, तो गेला की नाण्याची रया गेली. नाण्यांवरच्या आमच्या प्रत्येक पुस्तकात हे सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. थोरला लहानपणी त्याच पुस्तकांवर पाय ठेवून गल्ल्यापर्यंत पोचायचा. उघडलं मात्र एकही नाही. त्या दिवशी मी ढसाढसा रडले. ह्यांचा हात लागलेलं काही त्या नाण्यांवर उरलं नव्हतं. तर ती त्यालाच. सोबत नाण्यांचं एक पुस्तक फुकट द्यावं.

कलम तीन. एक तांब्याचं नाणं माझ्या चष्म्याच्या डबीत होतं म्हणून वाचलं. लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी दिलेलं. काळंकुट्ट आहे. ते लेकीला. फडकंसुद्धा लावायचं नाही.

कलम चार. मी गेल्यावर थोरला चार शब्द बोलायला उभा राहणार, हे मी आत्ताच सांगते. आई सोशिक होती, कुणाला उलटून बोलली नाही, वगैरे. खबरदार! मी भांडले. घरमालकाशी भांडले, भावोजींशी भांडले, दुकान बंद कर म्हणणाऱ्या सख्ख्या भावाला दारातून परत पाठवलं. म्हणून दुकान उभं आहे. थोरल्या, तुझ्यावर माझा जीव आहे रे, आणि रागही तेवढाच आहे. माझ्यावरचा काळा थर मी स्वतः कमावलाय. निदान मला तरी घासू नकोस.

सही: दुकानवाली बाई

साक्षीदार पहिले: डॉक्टरीणबाई.
साक्षीदार दुसरे: शेजारचे घड्याळवाले. यांनी "शेवटचं कलम जरा मऊ करा" असं सुचवलं, केलेलं नाही.

लेकीला लाभ असल्याने तिची साक्ष चालत नाही. ती बाहेर गिऱ्हाईक बघते आहे.

ठिकाण: दुकान, नाण्यांच्या पुस्तकांच्या फळीसमोर.
दिनांक: अकरा मार्च. दुकान चालू.