बद्द वाजलेला डबा

३ मार्च
धाकट्या बहिणीकडे आले. वरची हवेशीर खोली मिळाली. खिडकीतून मेव्हण्यांच्या कारखान्याचं धुराडं दिसतं. शाळेतून निवृत्त होऊन हात बांधून बसणं मला जमणारं नव्हतं. उद्यापासून कामावर. मन प्रसन्न आहे.

४ मार्च
सॉसेजचं सारं काम पाहिलं. मांस बर्फ घालून दळतात, नाहीतर यंत्राच्या उष्णतेनं चरबी सुटते. तो लगदा पातळ सालीच्या लांब नळीत भरतात, वितीवितीवर पीळ देतात, वाफवतात, साल सोलतात. मग डब्यात उभी रचून मिठाचं पाणी, झाकण आणि पुन्हा दाबाची वाफ. शेवटचं टेबल धाकटीचं. ती प्रत्येक झाकणावर सळई वाजवते. खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर बाद. सगळे तिच्या कानाचे गोडवे गातात. आईही गायची.

७ मार्च
मीही सळई मागितली. धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली, ताई, पोरांचे कान पिळणं वेगळं आणि स्वतःचे वापरणं वेगळं. बायका ॲप्रनमध्ये तोंड लपवून हसल्या. कॉलेजात तिला माझ्यापेक्षा दोन गुण जास्त पडले होते. तेवढ्यावर इतकी वर्षं मिरवते आहे.

९ मार्च
तिनं बाद केलेला एक डबा मी वाजवून पाहिला. खणखणीत. पर्समध्ये टाकला, दुपारी खोलीत उघडून अख्खा खाल्ला. वास नाही, चव उत्तम. उद्या रिकामा डबा तिच्या टेबलावर ठेवीन आणि चारचौघांत विचारीन, मला काय झालंय ते सांग.

१० मार्च
तोंडाला कोरड. अक्षरं दोन-दोन दिसतात. चष्मा बदलायला हवा. कामावर गेले नाही. डबा कपाटात ठेवला आहे, उद्या नेईन. धाकटीनं खालून विचारलं, बरं नाही का? ठणठणीत आहे म्हटलं.

११ मार्च, सकाळ
पापण्या उचलवत नाहीत. एक पापणी बोटानं वर धरून लिहिते. पाणी गिळवत नाही, नाकातून येतं. ताप नाही. डोकं लख्ख. धाकटी रडते आहे. रडतानाही छान दिसते.

दुपार
आवाज गेला. डॉक्टर म्हणतात, खराब डब्यातलं काही खाल्लं असेल तर उतारा आहे, लांबून मागवावा लागेल. नाहीतर हा मेंदूचा झटका. कागद ठेवून गेलेत — हो किंवा नाही लिहा. ते खाली फोनपाशी. धाकटी पाणी आणायला —

छातीवर कुणी बसल्यासारखं —

हो लिहावं. पण मग तिचा कान खरा — बायका पुन्हा ॲप्रनमध्ये —

जिन्यावर तिची पावलं. लिहिलं: नाही. अक्षर अजूनही तिच्यापेक्षा —