आधी शेजार, मग घाव

।। श्री ।।
ता. ९ फेब्रुवारी

चि. भाऊ यास, ताईचे अ. उ. आ., वि. वि.

पार्सल काल पोचलं. बाबांची पेटी एक, हातोडा एक, लाकडी मेखा सहा आणि त्यांची वही. टपालखर्चाचे अकरा नि वजन जास्त म्हणून वर दोन, असे तेरा मी दारात भरले. चिठ्ठी मात्र एका ओळीची, की हात कापतो, भाचीला पाठव.

रक्तपिशाच मारण्याचं काम आपल्या घरात पणजोबांपासून आहे, आणि नियमही तोच. आधी शेजार, मग घाव. त्याच्या समोर खोली घ्यायची, वर्षभर ओळख वाढवायची, दिवसा कुठे निजतो ते कळलं की काम उरकायचं. बाबांना नऊ महिने लागले. ह्यांचा जीव घेणाऱ्याला शोधायला तू निघालास, त्याला बारा वर्षं झाली. दर महिन्याला तुझं कार्ड, शोध चालू आहे.

तुझी भाची आता एकवीस वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. तिचा बाप या कामात गेला तेवढा पुरे, ती येणार नाही. पण तो सापडला की नाही, ते सरळ सांग. लहानपणी दूध सांडून मांजराचं नाव घ्यायचास, तसं नको.

देव तुला सुबुद्धी देवो.
ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तो सापडून अकरा वर्षं झाली. माझ्या समोरच्याच खोलीत राहतो, घड्याळं दुरुस्त करतो. नियमाप्रमाणे शेजार धरला. वर्ष भरत आलं आणि मला विषमज्वर झाला. सोळा रात्री त्यानेच पाणी पाजलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मनात आणलं असतं तर मी तिथेच संपलो असतो. बरा झाल्यावर हातोडा उचलला आणि खाली ठेवला. म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. असे महिने गेले. संध्याकाळी आम्ही पत्ते खेळतो. तो लबाडी करतो, मी भांडतो.

आता फक्त बकऱ्याचं रक्त पितो असं तो सांगायचा. मी मानलं. पण खाली शिवणकाम करणारी बाई आहे, ती महिनाभर पांढरी पडत चालली आहे, भर दुपारीही गळ्याला रुमाल बांधते. भावोजींबद्दल मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, आठवत नाही, फार जण झाले.

ताई, माझ्याने होणार नाही. भाचीची त्याच्याशी ओळख नाही, म्हणून तिला बोलावलं.

तुझा अपराधी,
भाऊ


।। श्री ।।
ता. २३ फेब्रुवारी

चि. भाऊ यास,

आशीर्वाद लिहिताना हात अडला. तरी तो आहे असं समज.

त्याला आठवत नाही म्हणे! हे जिना उतरताना शीळ घालायचे. डाव्या बुटाची नाडी कायम सुटलेली. मला सगळं पाठ आहे. देवापुढे बसले, तर तिथेही तोंडून शिव्याच आल्या.

ताप आला तेव्हा मला तार का केली नाहीस? मिळेल त्या गाडीने आले असते. माझ्या भावाच्या उशाशी बसायला तोच मिळाला, याची लाज तुला नसली तरी मला आहे.

बाबांच्या नियमात खोट होती, ती तुम्हा पुरुषांच्या ध्यानात आली नाही. वर्षभर शेजार केला की कुणाचंही दार आपलं वाटायला लागतं. माझा त्याच्याशी शेजार नाही. मी येते. गुडघे दुखतात, पण हिवाळाभर कोळसा मीच फोडते, नेम चुकत नाही. भाचीला सांगितलंय की मामा आजारी आहे. खोटंही नाही ते.

गुरुवारी दुपारी उतरेन. तू सकाळीच त्या शिवणाऱ्या बाईला घेऊन डॉक्टरकडे जा. तेवढं तरी होईल ना तुझ्याने? संध्याकाळपर्यंत परतू नकोस. आयत्या वेळी तू दारात आडवा आलास तर मी काय करीन, मला ठाऊक नाही. पुढे माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

शेवटी लोभ मागायची रीत आहे. तुझा लोभ कुणावर आहे ते कळलं, म्हणून मागत नाही. दिवसा तो कोणत्या खोलीत, कोणत्या बाजूला डोकं करून निजतो, एवढं उलटटपाली कळव.

ताई