पहिल्या पाण्याचा नमुना

६ फेब्रुवारी १९८४
ज्युनिअर इंजिनिअर म्हणून पहिला दिवस. घाटकोपर, पाणी खातं. काम: डोंगराकडच्या चाळींत नळाचं पाणी तपासणे. बाटलीत औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे, पाणी चांगलं. शेंबडं पोरही करेल. वर्षभरात मी या उपनगराची सगळी पाइपलाइन नव्याने आखून देणार आहे. पाणी पहाटे पाचला सुटतं, नऊला बंद. संकल्प: रोज साडेचारला उठणे.

७ फेब्रुवारी
सव्वासातला उठलो. गजर मावशीने बंद केला असणार. साडेआठला मोरजकर चाळीत. पाणी झकास पिवळं. पाचला घ्या की साडेआठला, पाणी तेच.

२० फेब्रुवारी
व्हॉल्व्ह उघडणारा काशीराम मालवणचा, सव्वीस वर्षं नोकरी. आज मला शिकवायला लागला. सायेब, म्हणाला, पयला पाणी बघा. पाइप गटारातसून गेलो हा. पाणी बंद झाला काय रिकामो पाइप घाण ओढता. मी त्याला शांतपणे समजावलं की आत प्रेशर असताना बाहेरचं पाणी शिरूच शकत नाही. आकृतीही काढली. आकृती खिशात घालून तो तंबाखू मळत बसला. पटलेलं दिसलं.

१ मार्च
मोरजकर चाळीतल्या शेवंतीबाईंची लेखी तक्रार. पाचच्या पाण्याला वास येतो. चाळीला एकच नळ, माणशी दोन हंडे. पहिला नंबर लागलेलीने पाणी ओतून दिलं तर मागच्या बायका भांडतात. पहिला नंबर बहुतेक त्यांच्या सुनेचा, नंदाचा. तिला सहावा महिना आहे. डेप्युटीसाहेब म्हणाले, रस्ता खणायचा की नाही ते तुमच्या रिपोर्टवर ठरेल. माझ्या रिपोर्टवर! उद्या पाचला जाणार म्हणजे जाणार.

२ मार्च
पाचला उठलो. खरंच. पण गल्लीत कुत्री फार भुंकत होती. इंजिनिअरने अंगावर धोका घेऊ नये. साडेआठला गेलो. पाणी पिवळं. सगळ्यांसमोर ग्लासभर पिऊन दाखवलं. शेवंतीबाई म्हणाल्या, आत्ता काय पिताय साहेब, पाचला येऊन प्या ना. बायका हसल्या. नंदा हसली नाही, हंड्याला टेकून बसली होती.
रिपोर्ट दिला: पाणी पिण्यास योग्य, तक्रार निराधार. वेळ पहाटे ५.०५ लिहिली. उठलो तर पाचलाच होतो.

१९ मार्च
चाळीत कावीळ. तीन जण. उसाचा रस पितात ही माणसं, दुसरं काय. शेवंतीबाई ऑफिसात आल्या, नंदाचे डोळे पिवळे झालेत म्हणाल्या. मी फाइलमध्ये डोकं घालून होतो. उद्या पाचला नक्की. मोठ्या आवाजाचं घड्याळ घेतलं.

२६ मार्च, सकाळी ११
घड्याळ पुढे जातं, विश्वास ठेवता येत नाही. काशीराम हल्ली माझ्याशी बोलत नाही. आज टेबलावर एक बाटली ठेवून गेला. पाचला स्वतः भरलेली. तीन थेंब टाकले. पिवळं होईना. आणखी टाकले. नाही. खाली काहीतरी काळं बसलं होतं. औषध जुनं झालं असणार. बाटली मोरीत ओतली, दोनदा हात धुतले. आता आजारी सोळा.

३ एप्रिल
नंदा काल हॉस्पिटलमध्ये वारली. मूलही गेलं.
कावीळ हवेतूनही होत असेल. वाचून बघायला हवं.

५ एप्रिल
चौकशी झाली. साहेबांनी माझा रिपोर्ट वरच्या लोकांपुढे ठेवला. पहाटे ५.०५, पाणी योग्य, खाली माझी सही. वरचे लोक समाधानाने गेले. पाण्यात दोष नाही, रस्ता खणायचं कारण नाही. साहेबांनी पाठ थोपटली. तुमच्यामुळे वाचलो, म्हणाले. चहा मागवला. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं आणि थँक्यू सर म्हणालो. चहा संपवला.
बाहेर काशीराम उभा होता. आज तो बोलला. म्हणाला, म्हातारी आता सुनेच्या नंबराक उभी ऱ्हवता, पयलीच.
मला भीती वाटते आहे. उद्या पाचला पाणी सुटेल.